तीन बहिणी आणि एक विकर

रक्ततपासणीचा कागद हल्लीं शहरांतील सुशिक्षित घरांत पंचांगाइतक्याच आस्थेनें वाचला जातो. पंचांगांत जसे शुभ आणि अशुभ मुहूर्त, तसें या कागदांत 'चांगलें' आणि 'वाईट' कोलेस्टेरॉल. चांगल्याचा आंकडा वर दिसला कीं मंडळींना समाधान वाटतें, आणि वाईटाचा वर गेला कीं वडिलांच्या पानांतील तूप बंद होतें. आज ज्या विषयासंबंधीं मी बोलणार आहें, त्याचा उल्लेख मात्र या कागदावर सहसा कोठेंच नसतो. तो विषय म्हणजे कोलेस्टेरॉलवर संस्कार करणारें, आपल्या रक्तांत अहोरात्र राबणारें एक विकर, अर्थात् एन्झाइम. आणि तें विकर जन्मतःच ज्यांच्या वांट्यास आलें नाहीं अशीं जगांतील अगदीं थोडीं माणसें. हीं माणसें थोडीं असलीं तरी त्यांनीं वैद्यकाला जें शिकविलें तें थोडें नाहीं.

प्रथम कोलेस्टेरॉलची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. हा पदार्थ शरीरांत शिरलेला कोणी परका चोर नव्हे. त्याचें नांव ग्रीक भाषेंतील 'पित्त' आणि 'घट्ट' या अर्थाच्या दोन शब्दांवरून बनलें, कारण तो प्रथम सांपडला पित्ताशयांतील खड्यांत. पुढें कळून आलें कीं, आपल्या देहांतील प्रत्येक पेशीच्या आवरणांत तो असतो आणि त्याच्यावांचून तें आवरण धड राहत नाहीं. स्निग्ध अन्न पचविण्यास लागणारीं पित्ताम्लें त्याच्यापासून बनतात. कित्येक अंतःस्राव त्याच्यापासून बनतात. उन्हाच्या योगानें त्वचेंत तयार होणारें 'ड' जीवनसत्त्वही त्याच्याच कुळांतलें. आपण तो अन्नांतून घेतला नाहीं तरी यकृत तो स्वतः तयार करतें.

अडचण आहे ती दोन गोष्टींची. पहिली ही कीं, कोलेस्टेरॉल पाण्यांत विरघळत नाहीं, आणि रक्ताचा द्रवभाग तर बहुतांशीं पाणीच. दुसरी ही कीं, शरीरांतील बहुतेक पेशींना कोलेस्टेरॉल मोडून टाकतां येत नाहीं. साखर जाळतां येते, चरबी जाळतां येते. परंतु कोलेस्टेरॉल जेथें सांठलें तेथून तें उचलून यकृतापर्यंत नेऊन पित्तावाटे बाहेर टाकण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणजे ज्या पदार्थाला पाण्यांतून प्रवास करतां येत नाहीं, त्यालाच पाण्यांतून लांबचा प्रवास घडवावयाचा आहे. निसर्गानें हा पेंच कसा सोडविला, तें पाहण्यासारखें आहे.

रक्तांत स्निग्ध पदार्थांचे अतिसूक्ष्म कण वाहत असतात, त्यांना मेदप्रथिनकण म्हणूं. त्यांची रचना आपल्या मोदकाच्या उपमेनें चटकन् ध्यानांत येईल. मोदकाला बाहेरून पारी असते आणि आंत सारण असतें. मेदप्रथिनकणाची पारी प्रथिनांची आणि लेसिथिनसारख्या पदार्थांची असते. तिची बाहेरची बाजू पाण्याशीं जमवून घेते. आंतील सारण पूर्णपणें स्निग्ध, पाण्याचा स्पर्शही न सोसणारें. आतां कोलेस्टेरॉलच्या रेणूचें एक टोंक किंचित् जलप्रेमी असल्यामुळें, मोकळें कोलेस्टेरॉल पारींतच अडकून राहतें. पारी ती केवढी आणि तिच्यांत जागा ती किती! थोड्याच वेळांत ती भरून जावयाची आणि पुढचें कोलेस्टेरॉल घेणें बंद व्हावयाचें.

येथें आपलें विकर पुढें येतें. लेसिथिन हा पदार्थ अंड्याच्या बलकांत विपुल असतो, तसाच तो रक्तांतही असतो, आणि त्याच्या रेणूला मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात. हें विकर त्यांपैकीं एक शेपटी सोडवितें आणि ती कोलेस्टेरॉलच्या त्या जलप्रेमी टोंकाला बांधतें. अशा बद्ध कोलेस्टेरॉलला रसायनशास्त्रांत कोलेस्टेरॉलचें एस्टर म्हणतात. शेपटी बांधली गेली कीं पाण्याशीं असलेलें उरलेंसुरलें नातें तुटतें. रेणू पारी सोडून सारणांत जाऊन बसतो. पारींत जागा मोकळी होते. आणि तो कण पेशींच्या भिंतींवरून आणखी कोलेस्टेरॉल उचलून घेण्यास सिद्ध होतो. निरोगी माणसाच्या रक्तद्रवांत सुमारें दोन तृतीयांशांहून अधिक कोलेस्टेरॉल असें बद्ध असतें. या विकराचें पूर्ण नांव 'लेसिथिन-कोलेस्टेरॉल-असाइलट्रान्सफरेज' असें लांबलचक आहे. शास्त्रज्ञ त्याला लाडानें 'एलकॅट' म्हणतात. आपणही तसेंच म्हणूं.

या विकराचा सुगावा एकाएकीं लागला नाहीं. १९३५ साली अमेरिकेंतील स्पेरी या संशोधकाला असें आढळलें कीं, रक्तांतील निवळ द्रव नळींत घालून शरीराइतक्या उष्णतेवर ठेवला, तर त्यांतील मोकळें कोलेस्टेरॉल हळूहळू कमी होतें आणि बद्ध कोलेस्टेरॉल वाढतें. नळींत ना यकृत होतें, ना आंतडें. म्हणजे हें काम करणारें जें कांहीं होतें, तें रक्तांतच होतें. परंतु तें काय आहे आणि मेदाम्ल कोठून आणतें, याचा नीट उलगडा होण्यास आणखी २७ वर्षें जावीं लागलीं. १९६२ मध्यें सिॲटल येथील जॉन ग्लॉमसेट यांनीं दाखविलें कीं, हें मेदाम्ल लेसिथिनकडून येतें. पुढें १९६८ मध्यें त्यांनीं त्याहून व्यापक कल्पना मांडली: देहाच्या कानाकोपऱ्यांतील पेशींपासून यकृताकडे कोलेस्टेरॉलची जी परतीची वाहतूक चालते, तिच्यांत हें विकर महत्त्वाचा भाग घेत असलें पाहिजे. कल्पना सुरेख होती. परंतु एखादा सेवक घरांत नेमकें काय काम करतो, हें तो एक दिवस आला नाहीं म्हणजेच कळतें. विकराच्या बाबतींत असा दिवस कोण दाखविणार?

या ठिकाणीं थोडें मागें जाणें इष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें आर्चिबाल्ड गॅरॉड नांवाचे एक डॉक्टर होते. कांहीं माणसांचें मूत्र हवेंत राहिलें कीं काळें पडतें, आणि हा प्रकार विशिष्ट कुटुंबांतच, त्यांतही आईबाप नात्यांतले असल्यास अधिक आढळतो, हें त्यांनीं १९०२ मध्यें पुढें मांडलें. १९०८ मधील आपल्या व्याख्यानांत त्यांनीं अशा विकारांना 'चयापचयाचे जन्मजात दोष' असें नांव दिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, देहांतील रसायनक्रिया ही पायऱ्यापायऱ्यांनीं चालते. एका पायरीवरील विकर जन्मतः नसेल, तर त्या पायरीमागें माल तुंबतो आणि पुढें टंचाई पडते. ही दृष्टि लाभल्यावर दुर्मिळ रोगाकडे पाहण्याची रीतच बदलली. जो रोग दहा लाखांत एकाला होतो, तो उरलेल्या सर्वांच्या शरीरांत काय चाललें आहे तें सांगूं लागला.

कोलेस्टेरॉलच्या बाबतींत ही गोष्ट नॉर्वे देशांत घडली. त्या देशाच्या पश्चिम भागांतील एक ३३ वर्षांची स्त्री ऑस्लो येथील डॉक्टरांच्या तपासणीखालीं आली. तिच्या मूत्रांतून प्रथिन जात होतें, तिला पंडुरोग होता, आणि डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, करडी धूसरता होती. मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्यांत पहिलीं दोन लक्षणें दिसतात, तेव्हां तिकडे लक्ष जाणें साहजिक होतें; पण डोळ्यांतील धूसरतेचें काय? एगिल योने आणि कोरे नोरुम या दोघांनीं तिच्या रक्ताचें रासायनिक पृथक्करण केलें, तेव्हां दिसलें कीं, तिच्या रक्तांत कोलेस्टेरॉल भरपूर आहे, पण तें जवळजवळ सर्व मोकळें आहे. बद्ध कोलेस्टेरॉल अत्यल्प. पुढें तिच्या दोन बहिणींमध्येंही हाच प्रकार आढळला. १९६७ साली योने व नोरुम यांनीं हा नवा जन्मजात दोष जाहीर केला: या बहिणींच्या रक्तांत एलकॅटची क्रिया चालतच नव्हती.

विचारी श्रोत्याच्या मनांत येथें एक शंका येईल. विकर नाहीं म्हणून काम होत नाहीं, कीं विकर असूनही रक्तांतील दुसरा एखादा पदार्थ त्याला अडवून धरतो? आळशी सेवक आणि बांधून ठेवलेला सेवक, दोघांचेंही काम पडूनच राहतें. या शंकेला उत्तर देणारा प्रयोग साधा होता. निरोगी माणसाचा रक्तद्रव या रुग्णांना देण्यांत आला, आणि त्याचा परिणाम १९६८ मध्यें प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेल्या रक्तद्रवांतील विकरानें रुग्णांच्या रक्तांत बद्ध कोलेस्टेरॉल तयार करण्यास आरंभ केला. म्हणजे माल तयार होता, वाट मोकळी होती. कामकरी तेवढा नव्हता.

आतां त्या तीन लक्षणांकडे पुन्हां पाहूं. मोकळें कोलेस्टेरॉल बांधलें न गेल्यामुळें पारींत मावेनासें होतें आणि मिळेल त्या आवरणांत शिरतें. तांबड्या रक्तकणिकांच्या आवरणांत तें शिरलें कीं त्यांचा आकार बिघडतो. सूक्ष्मदर्शकाखालीं त्या मध्यें ठिपका असलेल्या नेमबाजीच्या चकतीसारख्या दिसतात, त्यांचें आयुष्य घटतें, आणि पंडुरोग होतो. पारपटलांत स्निग्ध द्रव्यें सांठलीं कीं डोळा धुरकट होतो. पण खरा घात होतो तो मूत्रपिंडांत. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशगुच्छांत विकृत मेदकण अडकून बसतात. प्रथम प्रथिन झिरपूं लागतें, आणि वर्षांमागून वर्षें जातां जातां गाळणीच निकामी होते. कित्येक रुग्णांच्या बाबतींत ही वेळ चाळिशी-पन्नाशीच्या आंतच येते. अस्थिमज्जेंत फेंसाळ दिसणाऱ्या पेशीही आढळतात. त्या म्हणजे स्निग्ध पदार्थ गिळून फुगलेल्या भक्षक पेशी होत.

मोदकाची उपमा केवळ कविकल्पना नाहीं, हेंही याच रुग्णांमुळें डोळ्यांनीं पाहतां आलें. ज्याला आपण 'चांगलें' कोलेस्टेरॉल म्हणतों, तें वाहून नेणारे लहान, दाट कण निरोगी रक्तांत बहुतेक गोल असतात. १९७१ मध्यें या रुग्णांचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तेव्हां ते चपट्या चकत्यांसारखे दिसले, आणि नाण्यांची चवड लावावी तसे एकावर एक रचलेले होते. सारण नाहीं म्हणून मोदक फुगलाच नाहीं. नुसती पारी पारीवर पडून राहिली. विकर नसतां काय होतें हें पाहिल्यावर, विकर असतां काय होत असलें पाहिजे, याविषयीं मोठा संशय उरला नाहीं. या कामांत ग्लॉमसेट आणि नोरुम दोघेही होते. ज्यानें विकराची क्रिया उकलली आणि ज्यानें विकराचा अभाव ओळखला, ते दोघे दोन खंडांतून एकाच मेजाशीं येऊन बसले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हा दोष पिढीजात कसा उतरतो? प्रत्येकाला या विकराचें एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळतें. दोहोंपैकीं एक सुस्थितींत असेल, तर विकर सुमारें निम्में होतें आणि माणूस सहसा निरोगी राहतो. दोन्ही बिघडलेलीं असतील तरच रोग प्रकट होतो. म्हणून आईबाप धडधाकट असूनही मुलांत हा दोष दिसूं शकतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक असतो. १९७५ मध्यें नॉर्वेंतील कुटुंबांचा अभ्यास करतां असें आढळलें कीं, हा दोष हॅप्टोग्लोबिन नांवाच्या एका रक्तप्रथिनाच्या जनुकाबरोबर पिढ्यान्-पिढ्या जोडीनें उतरतो. त्यावरून त्याचें ठिकाण १६ व्या गुणसूत्रावर निश्चित झालें. १९८६ मध्यें या विकराच्या ४१६ घटकांची सबंध सांखळी वाचतां आली. आणि १९९२ मध्यें नॉर्वेंतील मूळच्या कुटुंबांतील नेमकी चूक सांपडली: सांखळींतील २५२ व्या जागीं मेथिओनिनऐवजीं लायसिन. चारशें सोळा मण्यांच्या माळेंत एक मणी बदलला, आणि तेवढ्यानें तीन बहिणींचें आयुष्य बदललें!

हा रोग नॉर्वेपुरता आहे असें मात्र कोणीं समजूं नये. निरनिराळ्या देशांतील कुटुंबांत, निरनिराळ्या जागीं मणी बदललेला आढळला आहे. आपल्याकडे कित्येक कुळांत मामेबहिणीशीं किंवा आतेबहिणीशीं लग्न करण्याची चाल चालत आली आहे. अशा लग्नांत पतिपत्नी या दोघांकडेही एकाच आजाआजींकडून आलेलें तेंच दुबळें जनुक असण्याचा संभव इतर जोडप्यांपेक्षां अधिक असतो. हें सांगण्यांत कोणाच्या रूढीची निंदा करण्याचा हेतु नाहीं. गॅरॉड यांच्या ध्यानांत आलेली गोष्ट आपल्याही घरांना लागू आहे, एवढेंच ध्यानांत ठेवावयाचें.

या कथेला १९७९ मध्यें स्वीडनमधून एक नवें वळण मिळालें. कार्लसन आणि फिलिप्सन यांनीं एका कुटुंबांतील बाप व त्याच्या तीन मुली यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांचे डोळे इतके धुरकट होते कीं, ते शिजविलेल्या माशाच्या डोळ्यांसारखे दिसत. म्हणून या विकाराला 'मत्स्यनेत्र रोग' असें नांव पडलें. 'चांगलें' कोलेस्टेरॉल त्यांच्याही रक्तांत फारच कमी होतें. परंतु त्यांचीं मूत्रपिंडें शाबूत होतीं. मागाहून उलगडा झाला तो असा: दोष त्याच जनुकांत, पण अर्धवट. हें विकर लहान, दाट कणांवर काम करीत नव्हतें, तरी मोठ्या, हलक्या कणांवर करीत होतें. आणि तेवढें काम मूत्रपिंड वांचविण्यास पुरेसें होतें. एकाच जनुकांतील दोन बिघाडांनीं दोन वेगळीं नशिबें लिहिलीं.

आतां प्रारंभींच्या त्या कागदाकडे वळूं. एलकॅट नसलेल्या रुग्णांच्या रक्तांत 'चांगल्या' कोलेस्टेरॉलचा आंकडा पुष्कळदां दर डेसिलिटरला १० मिलिग्रॅमच्याही खालीं असतो. लौकिक समजुतीप्रमाणें या माणसांच्या हृदयाच्या धमन्या तरुणपणींच बंद व्हावयास हव्या होत्या. परंतु त्यांच्यांत हृदयविकाराचा तसा कहर आढळून आला नाहीं. त्यांचा घात केला तो मूत्रपिंडांनीं. उलट, हा आंकडा औषधानें वाढविला म्हणजे हृदय सुरक्षित झालें, ही आशाही खोटी ठरली. टॉरसेट्रॅपिब नांवाच्या औषधानें 'चांगलें' कोलेस्टेरॉल भरपूर वाढत असे. पण सुमारें १५ हजार रुग्णांवर चाललेली त्याची चाचणी डिसेंबर २००६ मध्यें थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यूंची संख्या अधिक निघाली. त्या औषधाचे रक्तदाब वाढविण्यासारखे दुसरेही दोष होते, हें खरें. तरी एवढें स्पष्ट झालें कीं, स्टेशनांत गाड्या किती उभ्या आहेत हें मोजून, माल किती हलला हें कळत नाहीं. 'वाईट' कोलेस्टेरॉलविषयींची वैद्यांची ताकीद यामुळें मुळींच ढिली पडत नाहीं. ती भक्कम पुराव्यावर उभी आहे. 'चांगल्या' आंकड्याची पूजा मात्र थोडी आवरती घ्यावी, हें बरें.

आणि त्या रुग्णांचें काय? ज्यांच्या दुःखांतून एवढें ज्ञान निघालें, त्यांना त्या ज्ञानानें काय दिलें, हा प्रश्न विचारल्यावांचून हें भाषण संपविणें योग्य होणार नाहीं. उत्तर फारसें अभिमानास्पद नाहीं. रक्तद्रव देण्याचा परिणाम टिकत नाहीं, कारण विकर कांहीं दिवसांत संपतें. रक्तदाब आटोक्यांत ठेवणें, मूत्रपिंडावरील भार कमी करणारीं औषधें देणें, आहारांतील स्निग्ध पदार्थ कमी करणें, धुरकट पारपटल बदलणें, आणि शेवटीं मूत्रपिंडाचें रोपण करणें, हे उपाय आहेत. पण रोपण केलेल्या मूत्रपिंडांतही तोच मेद पुन्हां जमूं लागतो, कारण रक्त तेंच असतें. कारखान्यांत तयार केलेलें मानवी विकर एका रुग्णाला शिरेवाटे देण्याचा प्रयोग अमेरिकेंत झाला, आणि त्याची हकीकत २०१६ मध्यें प्रसिद्ध झाली. रुग्णाच्या रक्तांत बद्ध कोलेस्टेरॉल वाढलें, पंडुरोग सुधारला. दार किलकिलें झालें, एवढेंच म्हणतां येईल. घराघरांतून मिळणारा उपचार अद्यापि त्यांतून निर्माण झालेला नाहीं. रोगी इतके विरळा कीं औषध बनविणाऱ्यास गिऱ्हाईक नाहीं, ही त्यांतील कटु गोष्ट आहे.

तोंवर आपल्या हातीं एक लहानशी गोष्ट आहे, आणि ती वैद्यांइतकीच घरच्या माणसांच्याही उपयोगाची आहे. तरुण माणसाच्या डोळ्यांवर करडी धूसरता, मूत्रांत प्रथिन, अंगांत रक्त कमी, आणि 'चांगल्या' कोलेस्टेरॉलचा आंकडा नगण्य, अशीं चार लक्षणें एकत्र दिसलीं, तर डोळ्यांचा डॉक्टर एकीकडे आणि मूत्रपिंडाचा दुसरीकडे, असें न होऊं देतां तीं सर्व एकाच जाणत्या वैद्यापुढें ठेवावीं, आणि भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. रोग लवकर ओळखला तर मूत्रपिंडाचीं कांहीं वर्षें वांचवितां येतात. पश्चिम नॉर्वेंतील त्या तीन बहिणींनीं आपला हात पुढें करून रक्त दिलें, तेव्हां त्यांना स्वतःला त्यांतून फारसें मिळणार नव्हतें. तुमच्या-आमच्या रक्तांत या क्षणीं काय चाललें आहे, याची जी खूण आज शास्त्राला पटली आहे, तिच्यांत त्यांचा वांटा आहे. त्या ऋणाची फेड अजून व्हावयाची आहे.